प्रमाण-खोलीतील हवा

भारतीय तर्कशास्त्राने अनुमानाचे उदाहरण म्हणून जे दृश्य निवडले ते सर्वपरिचित आहे. दूरच्या डोंगरावर धूर दिसतो आणि पाहणारा तेथे अग्नी असल्याचे अनुमान करतो. हे अनुमान ज्या आधारावर उभे राहते तो आधार मात्र डोंगरावरचा नाही, घरातला आहे. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य नैयायिकाने कोठे पाहिले, तर स्वयंपाकघरात. 'महानस' हा त्यासाठी दिला जाणारा नेहमीचा दृष्टान्त. शतकानुशतके पाठशाळांतून हे स्वयंपाकघर विद्यार्थ्यांपुढे उभे केले गेले. त्यात चूल होती, सरपण होते, धूर होता. चुलीपुढे बसलेली बाई मात्र दृष्टान्तात नव्हती, आणि अनुमानासाठी तिची गरजही नव्हती. तर्कशास्त्रावर हा आरोप नव्हे. धुरावरून अग्नी कळतो की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. तो धूर कोणाच्या छातीत जातो हा प्रश्न वेगळ्या शास्त्राचा, आणि ते शास्त्र जन्माला येण्यास बराच काळ लागला.

त्या शास्त्राचे आजचे सर्वांत काटेकोर साधन म्हणजे एक रिकामी पेटी. काच किंवा पोलाद यांची, हातात मावेल एवढ्या भांड्यापासून माणूस उभा राहू शकेल अशा खोलीपर्यंत कोणत्याही आकाराची. प्रयोगशाळेत तिला 'चेंबर' म्हणतात. तिच्यात सोडली जाणारी हवा आधी गाळून निर्मळ केलेली असते. युरोपीय पद्धतीनुसार तापमान २३ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के. आत एकच वस्तू ठेवायची : भुसा दाबून केलेला तक्ता, रंगाचा थर दिलेली काच, गालिच्याचा तुकडा. पेटीतून बाहेर पडणारी हवा तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शोषकाने भरलेल्या बारीक नळीतून ओढून घ्यायची आणि त्या वस्तूने हवेत काय काय सोडले ते मायक्रोग्रॅममध्ये मोजायचे. मोजलेला आकडा मग गणिताने एका खोलीत नेला जातो. ही खोली कोणत्याही गावात बांधलेली नाही. ती मानकाच्या कागदावर आहे : चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच, म्हणजे ३० घनमीटरांची. तिला एक दार, एक खिडकी, आणि तिच्यातील निम्मी हवा दर तासाला बदलते असे गृहीत धरलेले. तिला 'प्रमाण-खोली' म्हणता येईल.

'प्रमाण' हा शब्द मराठीत मोठा जबाबदारीचा आहे. माप, पुरावा, आणि ज्ञानाचे साधन हे तिन्ही अर्थ तो एकाच वेळी वाहतो. त्यामुळे प्रमाण-खोलीविषयी विचारता येण्याजोगा पहिला प्रश्न असा, की ती नेमके कशाचे प्रमाण आहे? आणि दुसरा, अधिक अवघड : तिच्यात राहते कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चेंबरच्या बाजूने द्यावे लागेल, आणि ते मोकळ्या मनाने द्यायला हवे. राहत्या घरातील हवा ही निनावी असते. तिच्यात फर्निचरचा अंश असतो, फोडणीचा असतो, उदबत्तीचा असतो, रस्त्यावरून आलेला धूर असतो आणि माणसांचा श्वासही असतो. अशा हवेत कोणाचे डोळे चुरचुरू लागले तर तक्ता बनवणारा चुलीकडे बोट दाखवतो, रंगवाला रस्त्याकडे. सर्वांचा मिळून झालेला अपराध हा कोणाचाच अपराध नसतो. चेंबर या गर्दीतून एकेकाला बाजूला काढते आणि एकट्याची साक्ष घेते. 'हे तू सोडलेस' असे एखाद्या वस्तूला ठामपणे सांगण्याचा दुसरा मार्ग अजून तरी सापडलेला नाही. जे लोक प्रयोगशाळेच्या कृत्रिमतेला हसतात ते बहुधा विसरतात, की मोघमपणाचा फायदा दुर्बळाला कधी मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. म्यूनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये राहत्या घरांतील हवेच्या अभिसरणावर लिहिले, तेव्हा हजारात एक भाग कार्बन डायऑक्साइड ही मर्यादा त्यांनी सांगितली. हा वायू त्या प्रमाणात स्वतः अपायकारक आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांनी हवा किती वापरली त्याची ती खूण होती, डोंगरावरच्या धुरासारखी. त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने, १९३६ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातील कॉन्स्टंटिन याग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद कक्षात माणसे बसवून किती हवा पुरे होते ते पाहिले. कसोटी ठेवली वासाची. पण वास कोणी घ्यायचा? आत बसलेल्यांनी नव्हे. काही मिनिटांतच नाक सरावते आणि आपल्याच खोलीचा वास माणसाला येईनासा होतो. म्हणून परीक्षक ताज्या हवेतून आत येत, एकदा श्वास घेत, आणि वासाची तीव्रता सांगत. पुढील कित्येक दशके इमारतींच्या वायुवीजनाचे आकडे मुख्यतः या प्रयोगावर उभे राहिले.

या प्रयोगाची रचना बिनतोड होती. तरी तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. तिच्यात खोलीची योग्यता ठरली ती पाहुण्याच्या नाकावरून, रहिवाशाच्या फुप्फुसावरून नव्हे. शिवाय आत बसवलेल्यांची वर्गवारीही केलेली होती : बैठे काम करणारे प्रौढ, मजूर, सर्वसाधारण स्थितीतील शाळकरी मुले, गरीब घरांतील मुले, खाजगी शाळांतील मुले. ज्याला अंघोळीची सोय कमी त्याच्या खोलीला हवा जास्त लागते, असा निष्कर्ष निघाला. आकडे खोटे नसतील. पण त्या तक्त्यात गरीब मूल हे अशुद्ध हवेचे उगमस्थान म्हणून आलेले आहे. तीच हवा घेणारा म्हणून त्याची नोंद करण्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

पुढे १९८८ मध्ये डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी हवेच्या वासाला एककच दिले. एका 'प्रमाण' माणसापासून जेवढे प्रदूषण होते ते एक 'ओल्फ'. हा प्रमाण माणूस बसून काम करतो, त्याला ना गरम होते ना थंडी वाजते, आणि तो दिवसाला ०.७ वेळा स्नान करतो. दशांशातले हे स्नान कोणत्याही धर्मशास्त्राला सुचले नसते. विनोद बाजूला ठेवला तरी फँगर यांचे मोठे काम नाकारता येत नाही. गालिचे, जुनी पुस्तके, वायुवीजनाची यंत्रणा यांनाही त्यांनी याच एककाने मोजले आणि दाखवून दिले, की रिकाम्या कचेरीतही जणू अदृश्य माणसांची गर्दी बसलेली असते. हवा बिघडवणारा फक्त माणूसच, ही समजूत त्यामुळे ढासळली आणि संशय वस्तूंवर गेला. वस्तूंची कसून झडती घेण्याची जी पद्धत आज रूढ आहे तिच्यामागे हा पालट आहे.

आता प्रमाण-खोलीत पुन्हा डोकावले तर तेथे कोणीतरी दिसू लागते. तो निरोगी प्रौढ आहे. तो खोलीत स्वयंपाक करत नाही. त्याच्या देशात २३ अंश हे नेहमीचे तापमान आहे. तो सामान लागल्यावर अठ्ठावीस दिवसांनी राहायला येतो. या वर्णनात निंदनीय काहीच नाही. फक्त हा माणूस फार थोड्या ठिकाणी भेटतो. प्रमाण-खोलीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२९ चौरस फूट. मुंबईतील बी.डी.डी. चाळींत १९२० च्या दशकापासून गिरणी कामगारांच्या पिढ्या ज्या खोल्यांत राहिल्या त्या १६० चौरस फुटांच्या. कागदावर पाहिले तर त्या प्रमाण-खोलीपेक्षा ऐसपैस ठरतात! पण त्या खोलीत स्टोव्ह होता, देव्हारा होता, मोरी होती, बाळंतीण आणि दमेकरी आजोबा एकाच भिंतीला टेकून होते, आणि रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपत होता. आकार जवळपास सारखा असूनही या दोन खोल्यांत एकच हवा आहे असे कोणी म्हणणार नाही.

यावर प्रयोगशाळेचे उत्तर तयार असते, आणि ते रास्त आहे. प्रत्येक अहवालावर लिहिलेलेच असते, की निष्कर्ष केवळ तपासलेल्या नमुन्यापुरते आणि नमूद केलेल्या परिस्थितीपुरते खरे मानावेत. येथे नैयायिक पुन्हा उपयोगी पडतो. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण अग्नीवरून धुराचे होत नाही, असे त्याने बजावले होते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येण्यासाठी ओल्या सरपणाचा संयोग लागतो. ही जी न सांगितलेली अट, तिला त्याने 'उपाधी' म्हटले. उपाधी असेल तर व्याप्ती निर्दोष नाही. प्रयोगशाळेचा प्रत्येक आकडा असाच सोपाधिक असतो. युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकटद्रवाने बांधलेला तक्ता उष्णतेत आणि दमटपणात अधिक वायू सोडतो, कारण पाण्याच्या अंशाने ते बंध पुन्हा सुटत राहतात, आणि हे वर्षानुवर्षे चालते. २३ अंश आणि ५० टक्के ही त्या आकड्याची उपाधी. जूनमधील कोकण, कोलकाता किंवा चेन्नई ही उपाधी पाळत नाही.

ओल्या सरपणाचे उदाहरण तर अक्षरशः लागू पडते. सुधारित चुलींची परीक्षा अनेक वर्षे पाणी उकळून घेतली गेली : ठरावीक पाणी, ठरावीक आकाराची, वाळवलेली लाकडे, आणि चुलीकडे पूर्ण लक्ष देणारा तज्ज्ञ. पाणी उकळणे सर्व देशांत सारखे, म्हणून ते निवडले; यात शास्त्रीय शहाणपण होते. पण ज्वारीची भाकरी पाण्यासारखी उकळत नाही. ती तव्यावर भाजून मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढे उभी करून फुगवावी लागते. ज्या चुलीचे तोंड धूर कोंडण्यासाठी लहान केले आहे तिच्यापुढे ती फुगत नाही, आणि मग बाई जुनी चूलही पेटती ठेवते. पावसाळ्यात सरपण ओले असते हे सांगायला तर शास्त्रज्ञ लागत नाही. ओडिशात अडीच हजारांहून अधिक कुटुंबांत केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रीमा हॅना, एस्थर ड्यूफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांना असे आढळले, की प्रयोगशाळेत उतरलेल्या चुलींमुळे पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण पुढे तो परिणाम उरला नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची डागडुजी झाली नाही. यावरून दोष घरच्या बाईकडे ढकलणे फार सोपे आहे. पण जी वस्तू तिच्या दिवसाच्या रगाड्यात टिकत नाही ती तिच्यासाठी बनवली होती असे कसे म्हणावे?

याच्या उलट टोकाचे काम आधीच झालेले होते. किर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच नमुने घेणारी साधने दिली आणि त्या प्रत्यक्ष काय श्वासात घेतात ते मोजले. तो निबंध १९८३ चा. शहरातील चौकाचौकांत धूर मोजणाऱ्या जगाला, सर्वाधिक धूर चुलीपुढे बसणारी बाई घेते हे मोजून दाखवणारे ते सुरुवातीच्या कामांपैकी एक. महानसातील रिकामी जागा तेथे भरली गेली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० या वर्षासाठी घरगुती वायुप्रदूषणाने झालेल्या मृत्यूंचा अंदाज ३२ लाख असा दिला, त्या हिशेबाचे एक मूळ या चार खेड्यांत आहे.

म्हणजे प्रश्न चेंबर खरे की घर खरे असा नाही. दोन्ही खरी आहेत. नैतिक प्रश्न निर्माण होतो तो आकडा चेंबरमधून घरापर्यंतच्या वाटेने जातो तेव्हा. वाटेत उपाधी गळते. अहवालात चार ओळींची अट असते, विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ती एका ओळीची होते, आणि दुकानात पोहोचेपर्यंत 'तपासलेले, सुरक्षित' एवढेच शब्द उरतात. ही गळती फक्त व्यापारीच करतात असेही नाही. डासांसाठी लावायच्या कॉइलची चीन आणि मलेशियातील नमुने घेऊन चेंबरमध्ये चाचणी झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार एका कॉइलमधून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांएवढे भरले. तुलना कणांच्या वजनाची होती. वर्तमानपत्रांतून आणि तोंडोतोंडी ती 'एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी' अशी पसरली. कॉइल निरुपद्रवी नाही, हे नक्की. पण जी आई डेंग्यूच्या भीतीने पाळण्याखाली ती लावते तिला उपाधी गाळून भय देणे आणि उपाधी गाळून अभय देणे, यांत फारसा फरक नाही. दोन्ही वेळी तिला निवड करण्यापुरते ज्ञान मिळालेलेच नसते.

उपाधी सांगितली होती, मग आपले कर्तव्य संपले, असे वैज्ञानिकाला म्हणता येईल काय? महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग येथे आठवल्याशिवाय राहत नाही. युधिष्ठिराने खोटे सांगितले नव्हते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता, आणि हत्तीचा उल्लेखही त्याने केला होता, फक्त हळू आवाजात. त्याच्या वाक्यात सत्याला आवश्यक तो प्रत्येक शब्द होता. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. व्यासांनी शिक्षा दिली ती असत्याला नव्हे, आवाजाच्या पट्टीला. अट कोणत्या अक्षरात छापली जाते, कोणत्या भाषेत, कोणाच्या हाती पडेल अशा जागी, हे सत्याच्या बाहेरचे प्रश्न नाहीत असे त्या कथेला म्हणायचे असावे. अर्थात वैज्ञानिकाला दुकानाच्या दारात उभे राहता येत नाही, आणि प्रत्येक वापरणाऱ्याच्या कानाशी जाणे कोणालाच शक्य नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकट्याच्या विवेकावर सोडून चालत नाही. तिला कायद्याचे बळ लागते. आपल्याकडे २००९ ची राष्ट्रीय मानके आहेत, पण ती बाहेरच्या हवेची.

याला आणखी एक बाजू आहे, ती संमतीची. कधीकधी चेंबरमध्ये वस्तूंबरोबर माणसेही बसवली जातात. ऑर्हुस विद्यापीठात लार्स मोल्हावे यांनी घरांत सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या २२ सेंद्रिय वायूंचे मिश्रण करून ते ६२ व्यक्तींना श्वासावाटे दिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगासाठी निवडलेल्या व्यक्ती एरवी निरोगी, पण बंद इमारतींत डोळ्यांना व घशाला त्रास होतो अशी तक्रार असणाऱ्या होत्या. सर्वांत धडधाकट माणूस न निवडता ज्याला खुपते त्याला विचारावे, हा या प्रयोगातील मोठेपणा. अशा प्रयोगांचा आज एक सर्वमान्य नियम आहे : आत बसणाऱ्याला आधी सर्व सांगावे लागते, आणि कोणत्याही क्षणी, कारण न देता, दार उघडून बाहेर पडण्याचा त्याचा हक्क अबाधित असतो. तेच मिश्रण नव्या रंगाच्या, नव्या कपाटांच्या घरात एखादे तान्हे मूल रात्रभर घेते. त्याला कोणी काही सांगितलेले नसते आणि दाराची कडी त्याच्या हाताला लागत नाही. प्रयोग म्हटला की संमती लागते आणि संसार म्हटला की लागत नाही, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही.

ते अठ्ठावीस दिवसही असेच. एवढ्या अवधीत पहिला जोर ओसरतो आणि राहणाऱ्याला दीर्घकाळ काय भोगावे लागेल याचा अदमास येतो. राहणाऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण तक्ता घरात आपण होऊन उभा राहत नाही. पहिल्या दिवशी तेथे सुतार असतो. तो बंद फ्लॅटमध्ये करवतीने तक्ता कापतो, ताज्या कापलेल्या कडांतून वायू सर्वांत जास्त सुटतो, भुसा नाकातोंडात जातो, आणि परगावचा असेल तर काम संपेपर्यंत रात्री त्याच खोलीत पथारी पसरतो. अठ्ठाविसाव्या दिवशी तो दुसऱ्या घरात असतो, तेथल्या पहिल्या दिवशी. त्याच्या आयुष्यात अठ्ठाविसावा दिवस येतच नाही. रंगाऱ्याचेही तेच. कारखान्यातील कामगारासाठी वेगळी मानके आहेत, घरात राहणाऱ्यासाठी वेगळी. हा माणूस कारखान्यातही नाही आणि घरातला तर नाहीच. दोन प्रमाणांच्या मधल्या फटीत त्याचे आयुष्य जाते.

अमेरिकेत २००५ च्या कतरीना चक्रीवादळानंतर बेघर झालेल्या लाखाहून अधिक कुटुंबांना सरकारने चाकांवरची तात्पुरती घरे, म्हणजे ट्रेलर, दिले. सुटीत आठवडाभर राहण्यासाठी बनणाऱ्या या घरांत लोक महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे राहिले. डोळे जळणे, खोकला, मुलांना धाप लागणे अशा तक्रारी सुरू झाल्या. पुष्कळ टाळाटाळीनंतर डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये ५१९ घरांतील हवा तपासली गेली. फॉर्मल्डिहाइडचे सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग निघाले, नेहमीच्या घरांपेक्षा बरेच अधिक. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने अशा चार घरांतील भिंती, जमीन व कपाटे यांचे तुकडे कापून लहान चेंबरमध्ये तपासले आणि वायू कोठून येतो ते दाखवले. त्या लोकांचे म्हणणे भ्रम नव्हते, हे निर्विवादपणे सांगितले ते त्या रिकाम्या पेटीनेच.

पुढे हे ट्रेलर सरकारने लिलावात काढले. विकताना प्रत्येकावर चिठ्ठी डकवायची होती, की ही घरे राहण्यासाठी वापरू नयेत. म्हणजे उपाधी एवढी स्पष्ट केलेली होती की ती भिंतीवर चिकटवली होती. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला आणि किनाऱ्यावरचे तेल काढण्यासाठी दूरदूरहून मजूर आले. त्यांना राहायला जागा हवी होती, आणि लिलावातले ट्रेलर स्वस्त होते. त्या उन्हाळ्यात त्यांतील कित्येक मजूर दिवसभर तेल उपसून रात्री त्याच ट्रेलरमध्ये झोपत होते. काही ट्रेलरवरच्या चिठ्ठ्या कोणीतरी आधीच काढून टाकल्या होत्या.